८४ रकाने

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेचे कार्यालय आहे. तिचा छापील अर्ज सहा पानांचा होता आणि त्यात ८४ रकाने होते. ते मी पेन्सिलीने खुणा करत मोजले होते, कारण हा अर्ज वेबवर आणण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि त्याला किती दिवस लागतील हे कार्यालयातल्या बेनना सांगायचे होते. बेन मूळच्या गुजराती, पण या भागात सारा जन्म गेल्यामुळे मराठी आमच्याइतकीच सहज बोलतात. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "ताई, कागदावर आहे तसाच दिसायला हवा हं, लोकांना त्याची सवय आहे." हे वाक्य मी शब्दशः मनावर घेतले आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच घडल्या.

मी जँगोवर काम करते. वेबसाइट बनवण्यासाठीचे, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले हे फ्रेमवर्क अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यात अर्जाचे काम दोन ठिकाणी वाटलेले असते. फॉर्मच्या क्लासमध्ये रकाने कोणते, कोणता आवश्यक, कोणत्यात आकडा येतो आणि कोणत्यात तारीख, हे सांगायचे. आणि टेम्पलेटमध्ये ते रकाने पानावर कसे दिसतील हे सांगायचे. आम्ही कामात 'फील्ड' म्हणतो, बेन 'रकाना' म्हणतात, आणि मला हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण रकाना म्हटले की भरायची मोकळी जागाही डोळ्यांपुढे येते आणि तिच्या डोक्यावरचे नावही.

पहिल्या वर्षी मी ते टेम्पलेट संपूर्ण हाताने लिहिले. एका रकान्याला पाच गोष्टी लागतात: त्याचे लेबल, भरायची चौकट, खाली मदतीची एखादी ओळ, चूक झाली तर ती दाखवायची जागा, आणि हे सगळे एकत्र धरणारा वेष्टनाचा टॅग, म्हणजे एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतली खूण. ८४ रकान्यांच्या ४२० गोष्टी झाल्या आणि फाइल हजार ओळींच्या पुढे गेली. एक तुकडा लिहायचा, त्याची नक्कल उतरवायची, नाव बदलायचे, पुन्हा नक्कल, पुन्हा नाव. चार दिवस मी हेच करत होते आणि मनापासून करत होते, कारण प्रत्येक रकाना मला वेगळा वाटत होता आणि तो आपल्या हातून जावा असे वाटत होते.

तो वेगळा वाटण्याला कारणही होते. नावाचाच रकाना घ्या. मराठी माणूस आधी स्वतःचे नाव लिहितो, मग वडिलांचे किंवा पतीचे, मग आडनाव. गुजरातेतल्या सरकारी कागदांवर बहुधा आडनाव आधी येते. शिवाय त्या छापील अर्जाच्या पहिल्याच रकान्यावर गुजरातीत 'अटक' असे लिहिलेले होते. बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या मुलाला शाळेत जाऊ लागल्यापासून ठाऊक असते की गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. पुण्याहून किंवा नाशिकहून नुकतेच बदली होऊन आलेले कुटुंब मात्र गुजराती अक्षरे जुळवत तो शब्द वाचते आणि क्षणभर थबकते. अशा प्रत्येक ठिकाणी मी टेम्पलेटमध्येच गुजराती, मराठी आणि इंग्रजी लेबले लिहून ठेवली. अर्ज भरल्यावर मिळणाऱ्या पोचपावतीच्या पानावर तीच लेबले पुन्हा लिहिली, आणि समितीला दिसणाऱ्या पानावर तिसऱ्यांदा.

शब्दांची ही अडचण या शहराला जुनी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा कोश काढला आणि राज्यकारभारातल्या संज्ञांना आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले. एका गोष्टीचे नाव एकदाच, विचार करून ठरवायचे आणि मग ते सर्वांनी एकाच ठिकाणाहून घ्यायचे, अशी शिस्त मला त्या मांडणीत दिसते. मी याच शहरात बसून नेमके उलट करत होते. जँगोच्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याला लेबल देण्याची सोय असते, मदतीची ओळ देण्याची असते, चुकीच्या संदेशाचीही असते, आणि त्या सगळ्यांचे भाषांतर एका ठिकाणी ठेवता येते. त्या जागा मी रिकाम्या ठेवल्या होत्या.

पहिले वर्ष निभावले. किरकोळ तक्रारी आल्या, त्यातली एक मला आजही आठवते: मोबाईलवर एका मुलाने 'मोबाईल क्रमांक' या शब्दांवर बोट टेकवले की कर्सर पिनकोडच्या चौकटीत जाऊन बसत असे. लेबल कोणत्या चौकटीचे आहे हे तिच्या आयडीवरून, म्हणजे तिला दिलेल्या वेगळ्या नावावरून ठरते, आणि नक्कल उतरवताना मी तीन ठिकाणी आयडी बदलायला विसरले होते. मी ते तीन दुरुस्त केले आणि मूळ दुखणे तसेच राहू दिले.

दुसऱ्या वर्षी समितीने एक नवा रकाना मागितला. अनेक मुले मामाकडे, आत्याकडे, आजीकडे राहून शिकतात, म्हणून अर्जात नाव दिलेल्या पालकांशी विद्यार्थ्याचे नाते काय, हे लिहिणे आवश्यक करायचे ठरले. मागणी रास्त होती. मी फॉर्मच्या क्लासमध्ये एक ओळ वाढवली, चाचण्या चालवल्या, त्या सगळ्या उत्तीर्ण झाल्या आणि बदल सर्व्हरवर गेला. टेम्पलेटमध्ये मात्र तो रकाना घालायचा राहून गेला. चाचण्यांना हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण त्या पान न उघडता भरलेली माहिती थेट सर्व्हरकडे पाठवत होत्या आणि त्या माहितीत मी नवा रकाना प्रामाणिकपणे भरलेला होता.

अकरा दिवसांनी बेनचा फोन आला. मी गेले तेव्हा कार्यालयात शहरातल्या वाडी भागातून आलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मुलीने बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश घेतला होता. त्यांनी पिशवीतून शाळेची जुनी वही काढली आणि शेवटचे पान उघडून माझ्यासमोर धरले. त्यावर चार ओळी होत्या, प्रत्येक ओळीत तारीख आणि वेळ, आणि चौथ्या ओळीपुढे निळ्या शाईत लिहिले होते: सगळे रकाने दोनदा तपासले, लाल काही नाही.

"ताई, बटण दाबलं की पान वर जातं आणि परत तोच अर्ज समोर येतो," त्या म्हणाल्या. "भरलेलं सगळं तसंच असतं. फक्त उत्पन्नाचा दाखला पुन्हा जोडावा लागतो. मला वाटलं दाखल्यातच काही चूक असेल, म्हणून मी नवा काढून आणला."

त्यांच्या मांडीवर तो नवा दाखला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न पडता ठेवलेला. तो काढण्यासाठी त्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला होता.

काय घडत होते ते मी त्यांना सांगितले, आणि इथेही सविस्तर सांगते, कारण लांब अर्ज करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ते येऊ शकते. त्यांनी पाठवलेला अर्ज सर्व्हरकडे पोचत होता. सर्व्हर तपासत होता आणि प्रत्येक वेळी त्याला एक आवश्यक रकाना रिकामा सापडत होता. हा रकाना आवश्यक आहे, असा संदेशही तो तयार करत होता. पण तो संदेश ज्या रकान्याखाली दिसायचा, तो रकानाच पानावर नव्हता, म्हणून संदेश तयार होऊन कुणाच्याही नजरेस न पडता विरून जात होता. बाकीचे रकाने जँगो पुन्हा भरून देत असल्यामुळे पान अगदी जसेच्या तसे दिसे. फाइलचा रकाना मात्र सुरक्षिततेसाठी ब्राउझर कधीच आपणहून भरू देत नाही, त्यामुळे तेवढा एकच रिकामा होऊन परत येई. आणि रिकामा दिसणारा रकाना हाच दोषी, असे त्या बाईंना वाटले तर त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. उलट समोर दिसत होते त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अतिशय सुसंगत होता. सर्व्हरच्या नोंदी पाहिल्यावर कळले की त्या अकरा दिवसांत एकाही माणसाचा अर्ज जमा झाला नव्हता, आणि वहीत नोंद ठेवून विचारायला आलेल्या त्या एकट्याच होत्या.

माझ्या लहानपणी न्यायमंदिरात न्यायालय भरत असे. १८९६ सालची ती इमारत, तिच्या आसपास छोटी मेजे टाकून अर्ज लिहून देणारे बसत. बाबांबरोबर मी अशाच एका काकांसमोर उभी राहिले होते. ते प्रत्येकाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारत, उत्तर आले की लिहीत, आणि उत्तर आले नाही तर पेन उचलून धरत, समोरच्याकडे पाहत आणि काय हवे आहे ते सांगत. एकाही माणसाला सगळा अर्ज लिहून झाल्यावर, काहीही न सांगता, पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे ढकलताना मी त्यांना पाहिले नाही. माझ्या पानाने त्या बाईंना चार वेळा तसे ढकलले होते.

मी त्याच रात्री टेम्पलेट नव्याने लिहायला घेतले. लूपची, म्हणजे तेच काम प्रत्येक रकान्यासाठी पुन्हा करून घेणारी, ओळ एवढीशी असते: फॉर फील्ड इन फॉर्म. टेम्पलेटने फॉर्मला विचारायचे की तुझ्याकडे कोणते रकाने आहेत, आणि तो देईल ते एकेक करून मांडायचे. लूपच्या प्रत्येक फेरीत हाती येणाऱ्या वस्तूला जँगोत बाउंडफील्ड म्हणतात. बांधलेला रकाना, असे मी ते मनात वाचते, कारण त्याच्याबरोबर त्याचे लेबल, त्या लेबलाला चौकटीशी जोडणारा आयडी, मदतीची ओळ, माणसाने आधी भरलेली माहिती आणि त्या माहितीतल्या चुका, हे सगळे एकत्र बांधून येते. त्यामुळे मला सांगायचे उरते ते एवढेच की, प्रत्येक रकान्यासाठी आधी लेबल मांड, मग चौकट, मग मदत असेल तर मदत, आणि चूक असेल तर चूक. हजार ओळींची फाइल पन्नासाच्या आत आली. फाइल आटोपशीर झाल्याचे समाधान होतेच, पण मला खरा दिलासा दुसऱ्या गोष्टीने दिला: फॉर्मला माहीत असलेला रकाना पानावर नाही, ही अवस्था आता उद्भवूच शकत नव्हती.

लूपच्या बाहेरही काही गोष्टी राहतात आणि त्या विसरल्या तर पुन्हा तीच मुकी चूक होते. एखादी चूक कोणत्याच एका रकान्याची नसते. जन्मतारीख आणि इयत्ता यांचा मेळ बसत नाही, अशासारखी. ती फॉर्मच्या माथ्यावर वेगळी मागून दाखवावी लागते. लपवलेले रकाने वेगळे मांडायचे असतात, नाहीतर पानावर त्यांच्या नावाची नुसती लेबले उगवतात. बनावट अर्जांपासून वाचवणारा सीएसआरएफ टोकन हवा. आणि अर्जात फाइल असेल तर फॉर्मच्या टॅगवर मल्टिपार्ट लिहायला हवे, कारण लूप टॅगच्या आत चालतो, टॅग स्वतः लिहून देत नाही. ते राहिले तर दाखल्याचे नुसते नाव जाते, दाखला जात नाही.

एवढे केले आणि पान उघडले, तेव्हा ८५ रकाने एकाखाली एक उभे होते. बेननी मोबाईलवर अंगठ्याने पान सरकवायला सुरुवात केली, सरकवत राहिल्या, मग थांबून म्हणाल्या, "हे कुठे संपतं?" कागदावरच्या सहा पानांत निदान पान उलटण्याची विश्रांती होती. विद्यार्थ्याची माहिती, कुटुंब, शिक्षण, उत्पन्न, बँक, कागदपत्रे असे भाग होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर जाड अक्षरात नाव होते. मी सगळ्या रकान्यांना सारखी वागणूक दिली होती आणि त्या भरात वाचणाऱ्याचा विचार करायचा राहिला होता.

तेव्हा मी जे केले ते कुणी करू नये, म्हणून सांगते. मी लूपच्या आत अटी घालायला लागले. रकान्याचे नाव अमुक असेल तर आधी मथळा छाप, तमुक असेल तर मागचा गट बंद कर, बँकेचा असेल तर दोन रकाने शेजारी बसव. दोन दिवसांत अशा अकरा अटी झाल्या. पन्नास ओळींचे टेम्पलेट दीडशेवर गेले आणि ते वाचणे हाताने लिहिलेल्या टेम्पलेटपेक्षा अवघड झाले, कारण हाताने लिहिलेले निदान वरून खाली वाचता येत असे. इथे प्रत्येक अट डोक्यात धरून, हा रकाना आला की काय होईल, याचा हिशेब करावा लागत होता. फॉर्ममध्ये एका रकान्याचे नाव बदलले आणि 'उत्पन्न' हा मथळाच नाहीसा झाला, तेव्हा मी थांबले.

मग उलगडले की गट ही दिसण्याची बाब नाही. कोणते प्रश्न एकत्र विचारायचे, हे अर्जाच्या अर्थातच असते. छापील अर्ज ज्याने प्रथम आखला त्याने ते ठरवले होते आणि ते फॉर्मच्या क्लासमध्येच लिहिले जायला हवे होते. मी क्लासमध्ये गटांची एक यादी केली, प्रत्येक गटाला मथळा आणि त्यातल्या रकान्यांची नावे दिली, आणि ती यादी घेऊन गटागटाने बांधलेले रकाने देणारी एक पद्धत लिहिली. टेम्पलेटमध्ये आता लूपच्या आत लूप आहे: बाहेरचा गटांवरून फिरतो, आतला रकान्यांवरून. गटासाठी एचटीएमएलमधला फील्डसेट आणि मथळ्यासाठी लेजंड वापरला. हे टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहेत, आणि ते असताना आपण नुसत्या मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यावर का भागवतो, हे मला अजून उमगलेले नाही.

पण इथे एक धोका मागच्या दाराने परत येतो आणि तो मी पहिल्याच दिवशी ओळखला याचे मला बरे वाटते. रकाने आता फॉर्मच्या सगळ्या यादीतून न येता गटांच्या यादीतून येतात. उद्या क्लासमध्ये रकाना वाढवला आणि गटात घातला नाही, तर वाडीच्या बाईंची वही पुन्हा उघडेल. कुणी सुचवेल की उरलेल्या रकान्यांसाठी शेवटी 'इतर' नावाचा गट ठेवावा. मी तो ठेवला नाही. 'इतर' गटात पडलेला रकाना दिसतो खरा, पण तो कुठे शोभतो याचा विचार मग कधीच होत नाही. त्याऐवजी मी दोन चाचण्या लिहिल्या. एक गटांतल्या सगळ्या नावांचा संच आणि फॉर्ममधल्या सगळ्या रकान्यांचा संच तंतोतंत जुळतो का, हे पाहते. दुसरी पान खरोखर मागवते, आणि फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याचे नाव त्या पानाच्या एचटीएमएलमध्ये सापडते का, ते तपासते. दुसरी चाचणी आठ ओळींची आहे. ती पहिल्या वर्षी असती तर त्या बाईंचा रोज बुडला नसता.

भावंडांच्या तक्त्याची गोष्ट थोडक्यात. कागदावर सहा आडव्या ओळी आणि चार उभे रकाने होते: नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. म्हणजे ८४ पैकी २४ रकाने मुळात चारच होते, सहा वेळा छापलेले. त्यांच्यासाठी जँगोत फॉर्मसेट असतो आणि तो लूपमध्ये मांडला की भावंडे दोन असोत की आठ, तक्ता तेवढाच होतो. फक्त त्याच्याबरोबर मॅनेजमेंट फॉर्म नावाचे काही लपवलेले रकाने पाठवावे लागतात, ज्यांत किती ओळी आल्या याचा आकडा असतो. ते टेम्पलेटमध्ये विसरले तर सगळा संच अवैध ठरतो.

लूपचे मोल मला पुरते कळले ते तिसऱ्या वर्षी, आणि ते कळवले एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने. तो संस्कृतमध्ये एम. ए. करत होता आणि स्वतःचा अर्ज स्वतः भरणार असे त्याने बेनना सांगितले होते. मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम होता. तो टॅब दाबत एकेका चौकटीत जाई, आवाज लेबल वाची, तो भरी, पुढे जाई. ते मी ऐकत होते तोवर मला माझ्या कामाचा आनंद होत होता. मग त्याने अर्ज पाठवला, पान परत आले आणि तो पुन्हा पहिल्या चौकटीपासून टॅब दाबू लागला. आयएफएससी कोडात एक अक्षर कमी होते आणि त्या चौकटीखाली लाल अक्षरांत तसे लिहिलेही होते. मला ते दिसत होते. तो त्या चौकटीवर आला, आवाजाने 'आयएफएससी कोड' एवढेच म्हटले आणि तो पुढे निघून गेला.

संदेश पानावर होता, पण चौकटीशी बांधलेला नव्हता. डोळ्यांना जवळ दिसणारी ओळ पडदावाचकाला जवळची असतेच असे नाही. तिला आयडी द्यावा लागतो आणि चौकटीवर एरिया-डिस्क्राइब्डबाय या गुणधर्मात तो आयडी लिहावा लागतो, म्हणजे लेबल वाचून झाल्यावर आवाज ती ओळही वाचतो. चौकटीतली माहिती अवैध आहे हेही वेगळे सांगावे लागते. मी तिथेच बसून ते केले. फॉर्मला त्याने चुकीच्या संदेशांचे आयडी चौकटींवर लिहावेत असे शिकवले, आणि टेम्पलेटच्या आतल्या लूपमध्ये दोन ओळी बदलल्या. बदल वर गेला, त्याने पान पुन्हा उघडले, मुद्दाम तेच चुकलेले कोड भरले, आणि या वेळी आवाजाने कोडाचे नाव घेऊन पुढे म्हटले की यात ११ अक्षरे हवीत. त्याने मान डोलावली आणि अकरावे अक्षर भरले.

ही दुरुस्ती एका रकान्यासाठी मागितली गेली आणि ती सगळ्या रकान्यांना मिळाली. हाताने लिहिलेल्या त्या पहिल्या टेम्पलेटमध्ये मी बहुधा आयएफएससीचा रकाना दुरुस्त केला असता, फार तर बँकेचा गट, आणि बाकीचे कुणी सांगेपर्यंत तसेच राहिले असते. प्रत्येक रकाना आपल्या हातून जावा असे मला पूर्वी वाटायचे. त्या दिवशी मला पटले की प्रत्येक रकान्याकडे सारखे लक्ष देणे माझ्या हातांना जमत नाही. चौसष्टाव्या रकान्यापर्यंत हात थकतो आणि तिथे आयडी बदलायचा राहतो. लूप चौसष्टाव्या रकान्याशीही पहिल्यासारखाच वागतो.

जँगो बनवणाऱ्यांच्याही हे लक्षात येत गेले आहे. पूर्वी सबंध फॉर्म परिच्छेदांत, यादीत किंवा तक्त्यात एकदम छापण्याच्या तयार सोयी होत्या. ऑगस्ट २०२२ च्या ४.१ आवृत्तीत डिव्ह या वेष्टनाच्या टॅगमध्ये छापण्याची सोय आली. डिसेंबर २०२३ च्या ५.० आवृत्तीत ॲज फील्ड ग्रुप आले, म्हणजे एकेका रकान्याची लेबल, मदत, चूक आणि चौकट अशी सगळी मांडणी एका छोट्या टेम्पलेटमध्ये ठेवून ती कुठूनही मागवायची. मदतीची ओळ चौकटीशी बांधणेही त्याच आवृत्तीपासून आपोआप होऊ लागले. माझ्या आतल्या लूपमध्ये आता तेवढीच एक ओळ उरली आहे. फोटोचा रकाना तेवढा वेगळा आहे, कारण तिथे निवडलेला फोटो दाखवायचा असतो. त्याचे छोटे टेम्पलेट मी फॉर्मच्या क्लासमध्ये त्या रकान्यावरच नेमून दिले आहे. लूपला त्याची खबर नाही आणि त्यात एकही अट नाही.

या वर्षी जूनमध्ये बेनचा पुन्हा फोन आला. अर्ज कोणी भरला, स्वतः विद्यार्थ्याने, पालकांनी की आणखी कुणी, हे समितीला जाणून घ्यायचे होते, कारण पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्यांची संख्या वाढते आहे असे त्यांच्या कानावर आले होते. मी क्लासमध्ये रकाना वाढवला आणि चाचण्या चालवल्या. दोन्ही अनुत्तीर्ण झाल्या: रकाना कोणत्याच गटात नव्हता. तो शेवटच्या गटात, प्रतिज्ञेच्या आधी घातला, लेबल तीन भाषांत एकदाच लिहिले, आणि कार्यालयात जाऊन बेनना पान उघडून दिले.

बेननी खुर्ची पुढे ओढली, एक नमुन्याचा अर्ज पूर्ण भरला आणि नवा रकाना मुद्दाम रिकामा ठेवून पाठवला. पान परत आले. त्यांनी चष्मा वर करून लाल ओळ मोठ्याने वाचली, "अर्ज कोणी भरला ते निवडा." मग त्यांनी तो भरला, दाखला पुन्हा जोडला, आणि त्याच्या वरचा रकाना रिकामा करून पाठवला. ती ओळही वाचली. मग त्याच्या वरचा. चहा आला, तो मेजावर तसाच निवत राहिला. दुपारी कार्यालय जेवणासाठी बंद करायची वेळ झाली, तेव्हा त्या उत्पन्नाच्या गटापर्यंत पोचल्या होत्या आणि प्रत्येक लाल ओळीपुढे वहीत बरोबरची खूण करत होत्या.